नकाशात इथे पाणी आहे

१२ मे
प्रशिक्षण संपलं एकदाचं. तीन दिवस पंख्याखाली बसून मोबाइलवर बोट कुठे ठेवायचं ते शिकलो. सत्तावन्न वर्षांची मी, ऑक्टोबरात रिटायर, गुडघा दुखरा, आणि धुळ्याच्या मे महिन्यात दारोदार घरं मोजायची ड्यूटी. जमणार नाही असा अर्ज दिला होता. सुपरवायझर (यापुढे सु. नाव लिहीत नाही, वही कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही) म्हणाले, "अहिरे मॅडम, तुमच्यासारखी अनुभवी माणसंच हवीत." अनुभव म्हणजे शिक्षा झाली. बरं.

माझा गट: नवजीवन कॉलनी, तिच्यामागचे मोकळे प्लॉट, थेट जुन्या दगडाच्या खदानीपर्यंत. मोबाइलमध्ये हद्दीची लाल रेघ. रेघेच्या आतलं घर माझं, बाहेरचं दुसऱ्याचं. खदानीपलीकडे पाटील सरांचा गट सुरू होतो. सर तरुण आहेत, दुसऱ्या शाळेवर, भले वाटले. मधली खदान नकाशात निळी दिसते. पाणी.

हे म्हणाले, टोपी घाल. एसटीतून रिटायर झाल्यापासून यांना माझ्या डोक्याची फार काळजी. रुमाल पुरे.

१४ मे
सकाळी साडेसहाला निघाले, अकराला परत. चव्वेचाळीस डिग्री.

कॉलनीत बावीस घरं झाली, चार कु. (कुलूप). बंगले दणदणीत, माणसं दोन-दोन. "मुलगा पुण्यात, मुलगी नाशिकला." पाचव्या घरी त्यांच्याआधी मीच वाक्य पुरं केलं, बाई हसल्या. एक आजोबा म्हणाले, "वरचा मजला कोणासाठी बांधला तेच विसरलो." मला जिना चढून वरच्या रिकाम्या खोल्या दाखवून आणल्या. मोजण्यासारखं काही नव्हतं, पण त्यांना दाखवायच्या होत्या.

तीस वर्षं वर्गात शिकवतेय, लोकसंख्या वाढते, वाढते. इथे तर पेन्शनर आणि कुंड्या. आम्ही असोद्याला सात भावंडं होतो, मला दोन, माझ्या लेकीला एक, आणि ती म्हणते बास. हे पुस्तकात एका ओळीत येतं. दारोदार फिरल्यावर कळतं.

सरबत नऊ ग्लास. पोट बिघडणार.

१७ मे
आज पाण्यातून एक बाई वर येताना पाहिली.

कॉलनीचा शेवटचा प्लॉट करून मोबाइल पाहत होते. माझा ठिपका लाल रेघेला टेकलेला, पुढे सगळं निळं. मान वर केली तर निळ्यातून एक बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन निघाली. हंडे रिकामे. पाणी भरायला ती वर येत होती, कॉलनीच्या नळावर. हसीनाबी नाव. चाळिशीची असेल. भंगार निवडते. विचारलं, कुठे राहता? म्हणाली, "यहीं, नीचे. खदान में."

कडेला जाऊन पाहिलं. अर्ध्या खदानीत हिरवं पाणी आहे खरं. उरलेली अर्धी क्रशरच्या भुकटीने भरून सपाट झालीय, आणि तिच्यावर घरं. पत्र्याची, ताडपत्रीची, दोन-तीन विटांची. निंबाखाली शाळेचा गणवेश वाळत घातलेला. आमच्याच शाळेचा.

खाली उतरायला ट्रकची जुनी वाट आहे. उतरले नाही. गुडघा.

१८ मे
पाटील सरांना फोन. त्यांची रेघ पलीकडच्या काठापासून सुरू होते. माझी अलीकडच्या काठाला संपते. मधलं कोणाचंच नाही. सर म्हणाले, "मला वाटलं ते तुमच्यात आहेत."

मग सुंना गाठलं.
"मॅडम, नकाशात तिथे पाणी आहे."
"साहेब, तिथे धुणं वाळतंय."
"तुमच्या हद्दीत आहे का ते?"
"नाही."
"पाटलांच्या?"
"नाही."
"मग झालं तर."

आणि चहा मागवला. माझ्यासाठीसुद्धा. मी प्यायले नाही, तेवढाच निषेध.

१९ मे
उतरले. गुडघा दुखला, मेले नाही.

पहिल्याच दारात जिजाअक्का. वय विचारलं तर म्हणाली, तूच लिही. सत्तरीच्या पुढे. ही खदान चालू होती तेव्हा नवऱ्याबरोबर दगड फोडायला आली, खदान बंद पडली, नवरा गेला, ती राहिली. मला खालून वर न्याहाळून म्हणाली, "आठे कोनी येत नही. तू काबर उनी माय?" का आले ते मी अहिराणीत सांगायला गेले तर हसली. माझी बोली असोद्याकडची, तिच्या कानाला वेगळी लागली. "जळगावनी शे का?" लगेच ओळखलं.

घरात किती जण, हे सांगायला मात्र तयार नाही. सून सांगायला गेली तर तिला दटावलं. "पोरेसले मोजानं नही. नजर लागस." आठ बाळंतपणं झाली हिची, तीन जगली. भाकरीसुद्धा मोजत नाही ती टोपल्यात, मग नातवंडं कशी मोजेल. मला आत कुठेतरी पटलं. माझी आईही आम्हा सातांना कधी सात म्हणाली नाही, "बठ्ठे जेवले का" एवढंच.

मग युक्ती केली. म्हटलं, अक्का, मोजू नका. नुसती नावं सांगा, मला ऐकायचीत. ती सांगत गेली, कोण खोडकर, कोण जेवत नाही, कोणाचे केस आजीवर गेलेत, आणि मी टेबलाखाली, म्हणजे वहीखाली, बोटं मिटत गेले. सात जण. सुनेला दोनच मुलं. ऑपरेशन झालंय, तिने कानात सांगितलं.

बाकीच्या घरांतही हेच चालवलं. आकडा कोणी सांगत नाही, नावं मात्र न थकता सांगतात.

मोबाइल एकही घर घेत नाही. रेघेबाहेर आहात म्हणतो. बरं, मग वही.

२० मे
गेरू भिजवून नेला. प्रत्येक दारावर नंबर टाकला, १ ते ४१. कायद्याने बरोबर की नाही देवाला माहीत, पण नंबर टाकल्याशिवाय मला घर मोजल्यासारखं वाटत नाही. लोक काही बोलले नाहीत. फारच गप्प होते. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

२१ मे
एकेचाळीसच्या एकेचाळीस नंबर पुसलेले. काही धुतले, काहींवर शेण सारवलं, एकाने तर तेवढा पत्राच उलटा ठोकला.

मी चिडले. निंबाखाली उभी राहून वर्गात ओरडते तशी ओरडले. काल दिवसभर उन्हात काय मी रांगोळ्या काढत होते का? हसीनाबीने मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, मग सांगितलं. आधी ती नाल्याकाठी राहायची. एके दिवशी माणसं आली, दारांवर लाल आकडे टाकून गेली. आठवड्याने जेसीबी आला. "लाल नंबर मतलब टूटने वाला घर. बच्चा बच्चा जानता है, मॅडम."

मला माहीत नव्हतं. तीस वर्षं भूगोल शिकवते, आणि लाल आकड्याचा अर्थ माहीत नव्हता.

घरी आले, जेवले नाही. आता इथे लिहितेच. सतरा तारखेला उतरले नाही ते गुडघ्यामुळे, असं लिहिलंय वर. खोटं आहे. मागच्या मोजणीलाही हा भाग माझ्याकडेच होता. तेव्हा बेचाळिशीची होते, गुडघे धडधाकट. संध्याकाळ होत आली होती, कागद जमा करायचे होते, लेक तापाने फणफणलेली. छत्री घेऊन याच काठावर उभी राहिले. खाली पाच-सहा झोपड्या दिसल्या, एका चुलीचा धूर होता. आणि मी हाताने काढायच्या नजरी नकाशावर लिहिलं, "खदान. निर्मनुष्य." सही केली. घरी गेले.

त्या कागदावरूनच पुढे सगळे नकाशे झाले असतील. मोबाइलमधली रेघ कोण्या साहेबाने नाही, मीच आखली आहे. सतराला काठावर उभी राहिले तेव्हा पहिल्या क्षणी हेच आठवलं. पंधरा वर्षांत कोणाला सांगितलं नाही, यांनाही नाही. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

२२ मे
सगळ्यांना निंबाखाली जमवलं. म्हटलं, लाल नको तर नको, कोणता रंग चालेल?

हसीनाबी: रंगाचं नंतर. आधी सांगा, लिहून घेतलं तर घर तुटणार नाही याची गॅरंटी आहे का?
मी: नाही.
"और नहीं लिखा तो?"
मी म्हटलं, तर तुम्ही पाणी आहात. पाण्याला अंगणवाडी लागत नाही.

अंगणवाडीचं बरोब्बर लागलं. इथली पोरं सुरत रस्ता ओलांडून पलीकडच्या अंगणवाडीत जातात. तिथल्या ताई म्हणतात, खाऊ देते, पण नाव लावता येत नाही, तुमचा भाग माझ्या यादीत नाही. आपली अंगणवाडी मागायची तर वस्तीची लोकसंख्या दाखवा म्हणतात. लोकसंख्या शून्य. मार्चमध्ये हसीनाबीच्या नातीला त्या रस्त्यावर मोटारसायकलची धडक बसली. पाय वाचला, चालते अजून फेंगडी.

पुरुष एकमेकांकडे बघत बसले. एकाने विचारलं, आपण कधीपासून राहतो याचा तरी कागद आहे का कोणाकडे? नाही कोणाकडे. नवीन आलात म्हणाले की संपलं. बराच वेळ कुजबुज. मग हसीनाबीच उठली. "लिखो मॅडम. तोड़ना होगा तो बिना गिने भी तोड़ेंगे. गिन के तोड़ें, कम से कम पता तो रहे कितने थे."

२३ मे
निळीने नंबर टाकले. कपड्यांना घालतात ती नीळ, पाण्यात घट्ट कालवून. निळा आकडा पाडायला आलेला कोणी पाहिलेला नाही. चौदा नंबरचे चाचा म्हणाले, हिरवा मिळेल का? म्हटलं, चाचा, दुकानात मिळाला तर आणा. ते हसले, निळ्यावर राजी झाले.

हात निळे झालेत. हे म्हणाले, "जयंती तर एप्रिलमध्ये झाली." यांना विनोद सुचतात.

२५ मे
कॉलनी पूर्ण, मोबाइलमध्ये भरून पाठवली. सु. खूष. मी लगेच खदानीची वही पुढे केली. बघितलीही नाही.

"मॅडम, असल्या वस्त्या धरत बसलो तर देशाची लोकसंख्या कुठल्या कुठे जाईल. हे लोक पोरं काढतात नुसती, आणि मोजायचं आपण."

मी बसलेली उभी राहिले. म्हटलं, साहेब, एकेचाळीस घरांत एकशे ब्याऐंशी माणसं. घरटी साडेचार सुद्धा नाहीत. तरण्या बायकांना दोन, फार तर तीन. तुम्हाला किती?
त्यांना तीन आहेत, मला माहीत आहे, तिघंही आमच्याच शाळेत होती. धाकट्याला भूगोलात मीच पास केलंय.

फार बोलले का? नाही. कमीच बोलले.

२६ मे
जिजाअक्काला सांगितलं.

आपणहून सांगायचं ठरवलं नव्हतं. तीच बोलत होती. मागे एकदा एक बाई आली होती म्हणे, वर छत्री घेऊन उभी राहिली. अक्काने खालून हात केला. बाईने पाहिलं आणि गेली. "माले वाटनं, उतरी. मी चहा ठेवा व्हता."

मला हात केलेला आठवत नाही. खरंच आठवत नाही, की मी विसरून टाकलं, कोण जाणे. म्हटलं, अक्का, ती मीच.

तिने तंबाखू मळायची थांबवली. "तूच व्हती?" मग, "तव्हय काबर नही उतरनी?"
उशीर झाला होता म्हटलं. ऐकायला फारच फालतू वाटलं, मलाच.
ती उठून आत गेली. मी बसून राहिले. सून माझ्याकडे बघेना. आत भांडी वाजत होती. बऱ्याच वेळाने बाहेर आली, हातात काही नव्हतं. आज चहा नाही. "मंग आते लिखी ले," एवढंच म्हणाली, आणि पाठ फिरवून तांदूळ निवडायला बसली.

वर येताना रडले. कॉलनीतल्या आजोबांनी गॅलरीतून पाहिलं, ऊन लागलं का विचारलं. हो म्हटलं.

२८ मे
पाटील सर सकाळी मोटारसायकलवर हजर, लांब टेप घेऊन. "चला, मापं घेऊ." दोघांनी खदानीचा सपाट भाग मोजला, घर ते घर अंतरं घेतली. सर भरभर काम करतात, लोकांशी बोलतातही छान. अर्ध्या तासात पोरं त्यांच्यामागे टेपचं टोक धरायला भांडत होती.

शेवटी मी म्हटलं, नकाशावर साक्षीदार म्हणून सही करा. सर खाली बघत म्हणाले, "मॅडम, माझी सर्व्हिस अजून पंचवीस वर्षं आहे." रागावले नाही. बेचाळिशीत मीही नसती केली. मी तर त्याहून वाईट केलं होतं.

३० मे
शाळेतून कार्डशीट आणली, जेवणाच्या टेबलावर पसरली. दोन दिवस जेवण ओट्यावर.

नजरी नकाशा काढला, जुन्या पद्धतीने. पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण, आत नंबर. चौकोन तीन, त्रिकोण अडतीस. निंब काढला, ट्रकची वाट काढली, पाणी निळं, पण जिथे आहे तिथेच. काढताना मजा आली, खोटं का बोला.

मग डोक्यात आलं म्हणून गणित केलं. दरवर्षी सातवीला घनतेचा नकाशा रंगवायला लावते मी. लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ, दाट तिथे गडद, विरळ तिथे फिकट. तापीकाठ गडद, सातपुडा फिकट, पोरं खडू घासतात, मी दहापैकी मार्क देते. आता आमचा वॉर्ड घेतला. कॉलनीतले दोन-दोन म्हातारे, मोकळे प्लॉट, खदानीचं पाणी, सगळं क्षेत्रफळात धरलं. माणसं मात्र फक्त वरची. रंग येतो फिकट पिवळा. आणि नुसता खदानीचा सपाट तुकडा घेतला तर तो जिल्ह्याच्या नकाशावरच्या सगळ्यांत गडद भागाहूनही गडद, तेवढा गडद खडू माझ्याकडे नाही.

म्हणजे ज्यांना पाय पसरायला जागा नाही, ते राहतात तो भाग नकाशात मोकळा. इतकी वर्षं मी पोरांना विचारलं, कुठे माणसं दाट? कोण मोजायला गेलं होतं, हे एकदाही विचारलं नाही. पोरांनीही नाही. मार्क मिळत होते ना.

हे आता मागे येऊन उभे राहिले. चष्मा लावून बघितलं. "ड्रॉइंग चांगलं आहे," म्हणाले. "पण पाच महिने राहिलेत, सुमन."

२ जून
वही, नकाशा, अर्ज, सगळं घेऊन कार्यालयात. मागणी साधी: खदानीचा वेगळा गट धरा, नाहीतर माझ्या गटाला जोडा. रेघ तीनशे पावलं सरकवायची आहे.

सु. म्हणाले, ठेवून जा. म्हटलं, पोच द्या. पोच कशाला, विश्वास नाही का? नाही म्हटलं. आवक खिडकीवर जाऊन उभी राहिले. बाई म्हणाल्या लंच आहे. थांबले. लंच झाला. शिक्का सापडेना. थांबले. सव्वातीनला शिक्का मिळाला, शाईसुद्धा मिळाली.

पोच घडी करून पाकिटात.

५ जून
उत्तर नाही.

खदानीत गेले. निळे नंबर शाबूत. हसीनाबीची नात आपल्या दारावरचा १९ बोटाने गिरवत होती. अक्का बोलली नाही, पण खाट सरकवून दिली.

९ जून
कारणे दाखवा.

नेमून दिलेल्या हद्दीबाहेर परवानगीशिवाय मोजणी, लोकांत गैरसमज पसरवणे, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. इथवर ठीक होतं, खुलासा मनात तयारही झाला. पुढे दुसरं पान. माझ्या जुन्या नजरी नकाशाची झेरॉक्स. माझं अक्षर, तेव्हा किती वळणदार होतं. "खदान. निर्मनुष्य." खाली सौ. सुमन अहिरे.

आणि ओळ: "सदर ठिकाण निर्मनुष्य असल्याचे मागील वेळी आपण स्वतः स्वाक्षरीनिशी नमूद केले आहे. आता त्याच ठिकाणी एकेचाळीस घरे दाखवीत आहात. यांपैकी कोणती नोंद खोटी, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा."

कागद यांच्या हातात दिला. यांनी दोनदा वाचला. मग मी पंधरा वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं. हे एवढंच म्हणाले, त्या दिवशी पोरीला ताप होता हे मला आठवतं.

१० जून
सुंचा फोन, सकाळीच. आवाज एकदम मऊ. "मॅडम, इतकं मनावर घेऊ नका. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत असं लिहा ना. तेव्हा वस्ती नव्हती, नंतर आली. अलीकडचं अतिक्रमण. एक ओळ लिहा, फाइल बंद. तुमचं रिटायरमेंट सुखाने होऊ द्या. त्यांचीही नोंद घेऊ आपण, अतिक्रमण म्हणून."

हे शेजारीच होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, बरं सांगतोय माणूस. तू सुटतेस, ते मोजले जातात. अजून काय पाहिजे?

दुपारभर घरात फिरत राहिले. वाटत होतं, खरंच, काय पाहिजे अजून? मग निंबाखालचा तो माणूस आठवला, आपण कधीपासून राहतो याचा कागद आहे का विचारणारा. अलीकडचं अतिक्रमण म्हणजे कालपरवा आलेले. म्हणजे उद्या उठवायला मोकळे. नव्हते असं मी एकदा लिहिलं, आता दुसऱ्यांदा लिहायचं. आणि नव्हते हे लिहिणारी मीच असल्यामुळे, होते हे लिहू शकणारीही मीच. तेवढा एकच कागद या जगात निघू शकतो, आणि तो माझ्या सहीने.

यांना सांगितलं. म्हटलं, पेन्शन अडकेल, चौकशी लागेल. खोटी नोंद केली असं स्वतःच्या हाताने लिहून देतेय.
"माझी चालू आहे ना," हे म्हणाले. "वरणभात होईल तेवढ्यात." मग रागाने उठून बाहेर गेले, चप्पल न घालता.

११ जून
सकाळी खदानीत जाऊन आले. अक्काला कागदात काय लिहिणार ते सांगितलं, तेव्हाच्या झोपड्या कोणाच्या होत्या ते विचारलं. तिने नावं सांगितली. सहा घरांची, माणसागणिक, मेलेल्यांचीसुद्धा. मी मोजले नाहीत, नुसती लिहून घेतली.

खुलासा फुलस्केपवर, दुपारी. तीनदा फाडला. पहिला लांब होता, दुसऱ्यात तापाचं लिहिलं होतं, तिसऱ्यात माफी. चौथा हा, इथे उतरवून ठेवते:

"मागील नोंद खोटी. त्या वेळी खदानीत सहा घरे होती. मी काठावरून पाहिली, उतरले नाही. त्या सहा घरांतील माणसांची नावे सोबत जोडली आहेत. आताची नोंद खरी आहे."

सही. वळण गेलंय अक्षराचं, पण वाचता येतं.

उद्या अकराला देणार. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडणार नाही.